वेर्नाकच्या एकोणीस वाट्या

या, अशा जवळ येऊन बसा. आधी या पत्रातून माझी बोलणी खा, मग घरी आलात की चहा मिळेल. मला परत येऊन महिना झाला. भोपाळातल्या भोपाळात बाग सेवनियाहून कोटऱ्याला यायला एक रिक्षा पुरते, आणि तुम्ही साऱ्याजणी फोनवर विचारता, "काकू, आयफेल टॉवर पाहिलात का?" नाही पाहिला. विमानातून उतरल्यावर जावयाने मला सरळ रेल्वेत बसवलं आणि टॉवर कुठल्या बाजूला राहिला तेही कळलं नाही. मी गेले होते वेर्नाक नावाच्या गावाला. आपल्या कॉलनीच्या दोन गल्ल्या जास्त धरल्या तर तेवढी वस्ती. तिथे मी तीन आठवडे राहिले, आणि लेकीची निवडणूक बुडवण्याइतकं काम करून आले. बुडवली की नाही, ते मला अजून नक्की ठाऊक नाही. सगळं सांगते, मग तुम्हीच ठरवा.

माझी लेक मंजिरी तिथल्या शाळेत गणित शिकवते. जावई बास्तियां नर्स आहे, सायकलवरून घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना इंजेक्शनं देतो, पट्ट्या बदलतो. आपल्या महिला मंडळात दोन वर्षं मी "जावई मेडिकल लाइनमध्ये आहेत" असं सांगत होते. आता लिहायलाच बसले आहे तर खरं लिहिते.

आणखी एक खरं. मंजिरीने तिथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा आपला निळा पासपोर्ट तिला परत करावा लागला. आपला देश दोन्ही ठेवू देत नाही. तेव्हा महिनाभर मी तिच्याशी "जेवलीस का" आणि "बरं" एवढंच बोलत होते. आमचे हे म्हणाले, "राजधानी हलली तेव्हा माझी आई सरकारी दफ्तराच्या ट्रकमागून नागपूरहून भोपाळला आली. मरेपर्यंत 'आमच्या नागपूरला' म्हणायची आणि मत मात्र इथेच टाकायची. तिला कुणी विचारलं होतं का?" ह्यांचं बोलणं मला पटलं, पण पटलं असं लगेच सांगायची आमच्यात पद्धत नाही.

या वर्षी मंजिरी तिथल्या नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली. मला वाटलं, आपल्या मंडळाच्या निवडणुकीसारखं काहीतरी असेल. मी बॅग भरली. बेसनाचे लाडू, हळद-कुंकू, आणि वाण म्हणून स्टीलच्या चोवीस वाट्या. लग्न झाल्यापासून मंजिरीचं एकदाही हळदीकुंकू झालेलं नव्हतं, ते तिच्या घरी करावं असं मनात होतं. चौकातल्या भांडेवाल्याकडून प्रत्येक वाटीवर मशीनने नाव घालून घेतलं. माझं नाही, मंजिरीचं, आणि तेही इंग्रजी अक्षरांत, तिकडच्या बायकांना वाचता यावं म्हणून. एवढी दूरदृष्टी मी आयुष्यात एकदाच दाखवली.

बाकावरच्या बाई

पहिल्याच सकाळी पावाच्या दुकानात माझी फजिती झाली. मी बोटाने लांब पाव दाखवला, दुकानदारीण नादीन बघत राहिली. मी दोन बोटं दाखवली, ती बघतच राहिली. मागच्या माणसाने माझ्या वतीने "बोंजूर" म्हटलं तेव्हा कुठे तिचे हात हलले. तिथे आधी नमस्कार, मग सौदा. आपण चौकात पाऊल टाकायच्या आधीच "भैया, धनिया कैसे दिया" म्हणून ओरडतो. तीन आठवड्यांत मला तेवढा एकच शब्द नीट आला, आणि तो मी येताजाता सगळ्यांवर उधळला. खांबांवरही.

खांब म्हणजे बाजारघराचे. गावाच्या मधोमध भिंती नसलेलं एक भलं थोरलं बाजारघर आहे. ओकच्या लाकडाचे जाड खांब, वर काळं पडलेलं लाकडी छप्पर, चारी बाजूंनी वारा. दर गुरुवारी तिथे भाजी, कोंबड्या आणि चीज विकायला येतं. चीजच्या पहिल्या वासाला मी मंजिरीला हळूच म्हटलं, "इथे कुठेतरी उंदीर मेलाय." तिने तेच चीज विकत घेतलं.

मंजिरी शाळेत गेली की मी त्या बाजारघरातल्या बाकावर जाऊन बसायची. तिथे रोज एक बाई यायच्या. माझ्याच वयाच्या, पायात जाड बूट, हातात वेताची टोपली, बरोबर तपकिरी कुत्रा. नाव ओदिल. त्यांना शाळेत शिकलेलं थोडं इंग्रजी येत होतं, मला त्याहून थोडं कमी. त्यामुळे आमचं छान जमलं. जे समजत नव्हतं त्यावर दोघी मान हलवत होतो.

गावाचा इतिहास मला त्यांनीच दाखवला. बाजारघराच्या एका कोपऱ्यात दगडात कोरलेली तीन धान्यमापं आहेत. मोठं, मधलं, लहान. आपली पायली, अधोली आणि शेर म्हणा. खाली धान्य पडायला भोक. मधल्या मापाचा काठ फुटलेला आहे. त्यांच्याकडे राजाचं राज्य डळमळत होतं त्या टंचाईच्या दिवसांत गावातल्या बायकांनी एका व्यापाऱ्याला तिथेच अडवलं आणि सगळ्यांसमोर धान्य पुन्हा मापायला लावलं. त्या ओढाताणीत काठ फुटला, असं गाव सांगतं.

"खरी गोष्ट आहे?" मी विचारलं.

"काठ फुटलेला आहे, एवढं खरं," ओदिलबाई म्हणाल्या.

समोरच्या चौकात पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. एवढंसं गाव, आणि नावांची रांग माझ्या डोक्याच्याही वर. एकच आडनाव चार वेळा. "माझ्या आजोबांचे भाऊ," त्या म्हणाल्या आणि कुत्र्याचा पट्टा उगाच दुसऱ्या हातात घेतला.

गावाचं राजकारणही त्याच छपराखाली अडकलेलं होतं. छप्पर कुजत चाललं होतं. गेली बारा वर्षं नगराध्यक्ष असलेल्या बाईंना गुरुवारचा बाजार हायवेजवळच्या मोकळ्या मैदानात हलवायचा होता. मंजिरीच्या गटाचं म्हणणं, छप्पर दुरुस्त करा, बाजार इथेच ठेवा, म्हाताऱ्यांना हायवेपर्यंत चालवणार कोण? गावात दोन याद्या उभ्या होत्या, एक नगराध्यक्षांची, एक हिच्या गटाची. मतदार माणसाला मत देत नाही, अख्ख्या यादीला देतो. मंजिरी यादीत चौथी. शाळेतल्या एका मास्तरांनी तिला तोंडावर म्हटलं होतं, "चार दिवस झाले येऊन, आणि आमच्या बाजाराचं तुम्ही ठरवणार?" चार दिवस म्हणजे नऊ वर्षं. ते वाक्य तिला लागलं होतं. ती निवडून येण्यापेक्षा त्या वाक्याला उत्तर देण्यासाठी उभी होती, हे मला आई म्हणून दिसत होतं.

मी बाकावर बसून ओदिलबाईंना विचारलं, "तुम्ही मत कुणाला देणार?"

"बहुतेक स्वतःलाच," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, काय स्वाभिमानी बाई आहे.

"माझी मुलगी म्हणते, तुमच्या नगराध्यक्षबाई फार हट्टी आहेत."

"हो," त्या कुत्र्याकडे बघत म्हणाल्या. "माझ्याही कानावर आलंय."

हसू नका. तुम्हीही ओळखलं नसतं. आपला वॉर्डाचा पार्षद घराबाहेर पडला तर पुढे एक गाडी, मागे चार पोरं, आणि वाढदिवसाला चौकाचौकात हात जोडलेला फोटो. ही बाई स्वतःची टोपली स्वतः उचलून मुळे विकत घेत होती. शाळेबाहेर याद्यांचे फलक लावले होते, त्यात तिचा फोटोही होता, पण त्यात केस काळे होते आणि कुत्रा नव्हता.

शनिवार

मतदान रविवारी. शुक्रवारी रात्री मंजिरी म्हणाली, "आई, आजपासून प्रचार बंद. उद्या एक शब्द बोलायचा नाही, असा कायदा आहे." शनिवारी ती दोघं बास्तियांच्या आईकडे जेवायला गेली. मी पाय दुखतात म्हणून घरी राहिले. पाय दुखत नव्हते.

माझा हिशेब असा, की प्रचार संपला म्हणजे आता घरचं कार्य करायला हरकत नाही. चैत्र लागायला अवकाश होता, संक्रांत कधीच होऊन गेली होती, पण परदेशात पंचांगाने थोडं सांभाळून घ्यावं. आठवडाभर मी नादीनला, औषधाच्या दुकानातल्या बाईला, शेजारणींना, ओदिलबाईंना फोनमधल्या भाषांतरातून आमंत्रण देत होते. फोन काय सांगत होता देव जाणे. पण चार वाजता एकोणीस बायका आल्या. प्रत्येकीच्या हातात काहीतरी. एकीने फुलं आणली, एकीने वाइनची बाटली, ती मी देवापासून जरा लांब ठेवली.

ओटीला नारळ नव्हता, सफरचंद घातलं. हरभऱ्याची उसळ डब्यातल्या हरभऱ्यांची. लाडू आपले. मी हळदकुंकू घेऊन ओदिलबाईंपुढे आले तेव्हा त्यांनी विचारलं, हे लाल कशाचं?

"ज्यांचे नवरे आहेत त्यांना लावतात," मी सवयीने सांगितलं.

"माझा सात वर्षांपूर्वी गेला," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची थोडी मागे सरकवली. जगात कुठेही बाई खुर्ची तशीच सरकवते.

आपल्या मंडळाने ठरवलंय, सगळ्यांना लावायचं. ठरवताना सगळ्यांत मोठ्या आवाजात विरोध मीच केला होता, ते तुम्हाला आठवत असेल. कुमुदताई, तुम्हाला तर नक्कीच. तर मी ओदिलबाईंची खुर्ची पुढे ओढली, हळद लावली, कुंकू लावलं, आणि हातात वाटी ठेवली. त्यांनी वाटी उलटी केली, नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत नाव वाचलं. मग "मेर्सी" म्हणून आभार मानले आणि वाटी टोपलीत टाकली. मला वाटलं, अक्षर आवडलं असावं.

साडेपाचला मंजिरी आणि जावई परतले. टेबलावर उरलेल्या पाच वाट्या. मंजिरीने एक उचलली, आणि कोट न काढता जिन्याच्या पायरीवर बसली.

"आई, हे काय आहे?"

"वाण. तुझ्या नावाचं. गंमत करायची होती."

"किती वाटल्यास?"

"एकोणीस."

"मतदानाच्या आदल्या दिवशी. उमेदवाराच्या घरातून. उमेदवाराचं नाव घातलेली भांडी." ती वर्गात शिकवल्यासारखं एकेक पायरी मांडत होती. "आई, इथे मतदारांना वस्तू वाटणं गुन्हा आहे. निकालानंतर पाच दिवसांत कुणीही तक्रार करू शकतं. निवडणूक रद्द होते. कोण कोण आलं होतं?"

मी नावं सांगितली. "आणि त्या बाकावरच्या, कुत्रेवाल्या ओदिलबाई."

बास्तियांला मराठी येत नाही, पण ते नाव त्याला समजलं. तो भिंतीला टेकला.

"आई," मंजिरी म्हणाली, "त्याच नगराध्यक्ष आहेत."

तुम्हाला सांगते, आपल्याकडे निवडणुकीत साड्या आणि कुकर वाटणाऱ्यांना मी सगळी हयात नावं ठेवली. आमच्या गल्लीत एकदा कुणी स्टीलचे डबे वाटले होते, मी दारातून परत पाठवले आणि वर भाषण दिलं. ते भाषण मला त्या जिन्यापाशी शब्दन्शब्द आठवलं.

"मी परत आणते," मी म्हटलं.

वाण परत मागायला गेलेली बाई तुम्ही पाहिली आहे? मी ती आहे. बास्तियां सायकल हातात धरून बरोबर, कारण घरं त्याला माहीत. नादीनने वाटीत खमीर भिजत घातलं होतं. तिने ते दुसऱ्या भांड्यात ओतलं, वाटी पुसून माझ्या हातात दिली आणि लगेच दार लावलं. एकीच्या वाटीत मांजर दूध पीत होतं, ती म्हणाली, मांजराचं होऊ दे. एकीला वाटलं मी आणखी एक द्यायला आलेय. अंधार पडेपर्यंत अकरा परत मिळाल्या. सात घरं बंद होती किंवा मांजरांची होती.

शेवटचं घर ओदिलबाईंचं. कपाळावरचं कुंकू त्यांनी पुसलेलं नव्हतं. बास्तियांने फ्रेंचमध्ये सगळं सांगितलं, मी मधेमधे "माय मिस्टेक, नो डॉटर" म्हणत होते. त्यांनी शांतपणे ऐकलं. आत टेबलावर वाटी, शेजारी कागद आणि पेन.

"वाटी मी सोमवारी परत करीन," त्या म्हणाल्या. "आज नाही."

परतताना बास्तियां सायकलवर बसला नाही. माझ्याबरोबर चालत राहिला.

रविवार

मतदान शाळेत. आत शिरले आणि दारातच थांबले. टेबलामागे, मतदान केंद्राची अध्यक्ष म्हणून, ओदिलबाईच. स्वतः उमेदवार, आणि पेटीही स्वतःच्याच हाताखाली. आपल्याकडे असं झालं असतं तर दुपारपर्यंत दगडफेक. पण पेटी काचेसारखी आरपार दिसणारी, आणि तिच्याभोवती दोन्ही गटांची माणसं बसलेली, एकमेकांना बिस्किटं देत.

मंजिरी पडद्याआड जाऊन आली. ओदिलबाईंनी तिचं कार्ड घेतलं, नाव मोठ्याने वाचलं. नागपूरकडचं आमचं आडनाव त्यांनी सावकाश, एकेक अक्षर नीट उच्चारून वाचलं. लिफाफा पेटीत पडला आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आ व्होते." मत दिलं, असं जाहीर करायची तिथली रीत. ते मास्तर मागेच रांगेत उभे होते, त्यांनाही ते ऐकावं लागलं. मी भिंतीशी उभी होते. त्या निळ्या पासपोर्टावरचा माझा रुसवा कुठे गेला ते मला कळलं नाही. सासूबाई आठवल्या, बोटाला शाई लावून आल्या की तीन दिवस ते बोट पाण्यापासून जपायच्या.

संध्याकाळी सहाला दार बंद झालं आणि तिथेच मोजणी सुरू. मतदारांतलीच चार-चार माणसं एका टेबलाला, एकजण लिफाफा उघडतो, दुसरा मोठ्याने वाचतो, दोघं कागदावर रेघा मारतात. सगळं गाव मागे उभं राहून बघतं. त्या फुटक्या मापासारखंच, सगळ्यांसमोर. शेवटच्या टेबलापर्यंत काही सांगता येत नव्हतं. मग ओदिलबाई उभ्या राहिल्या आणि आकडे वाचले.

मंजिरीची यादी सात मतांनी हरली.

पण तिथे हरलेल्या यादीलाही थोड्या जागा मिळतात. यादीतली पहिली पाच माणसं आत गेली. मंजिरी चौथी. ती हरली आणि निवडूनही आली. बास्तियांने तिला उचललं. मी टाळ्या वाजवाव्या की रडावं या गोंधळात कुणाला तरी बोंजूर म्हणून बसले.

सोमवार

सकाळी दहाला दारात तपकिरी कुत्रा आणि ओदिलबाई. टोपलीतून त्यांनी वाटी काढली. वाटी भरलेली होती, अक्रोडांनी. तुम्ही म्हणाल, भांडं रिकामं परत करू नये ही रीत त्यांना कुणी सांगितली? मी विचारलं. त्या म्हणाल्या, "रिकामं भांडं परत करायला मला माझ्या आईने शिकवलं नाही."

मग त्यांनी टोपलीतून एक लिफाफा काढून मंजिरीपुढे ठेवला. मंजिरीने वाचला आणि मला मराठीत सांगितलं. शनिवारीच लिहिलेली तक्रार. वाटीचं वर्णन, नाव, वेळ, आणि ओटीतल्या सफरचंदाचाही उल्लेख.

"हे पाठवणार होतात?" मंजिरीने विचारलं.

"हरले असते तर आज सकाळीच," ओदिलबाई म्हणाल्या. "तुमची आई मला आवडते. पण तो वेगळा विषय." त्यांनी लिफाफ्याचे चार तुकडे करून टोपलीत टाकले. "बाजार उन्हाळ्यानंतर हलवणार आहे. अडवायचा असेल तर सभेत येऊन अडवा. तुम्ही गणित शिकवता, छपराचं गणित घेऊन या. आम्हाला अजून कुणाला जमलेलं नाही."

"येते," मंजिरी म्हणाली. ती त्यांच्याशी ज्या आवाजात बोलली, त्या आवाजात गाववालेच गाववाल्यांशी भांडतात.

मी ओदिलबाईंना म्हटलं, भोपाळला या, आमचा तलाव तुमच्या नदीपेक्षा मोठा आहे. त्या म्हणाल्या, कुत्र्याची सोय झाली की येते.

निघायच्या आदल्या दिवशी पाव आणायला गेले. नादीनने माझा बोंजूर घेतला, पण कोरडाच. बाहेर आल्यावर मी मंजिरीला विचारलं, ही अजून रागावलीय का? मंजिरी म्हणाली, "आई, दिलेलं काढून नेलंस. कुणाला आवडेल?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शनिवारी संध्याकाळी मी अकरा बायकांच्या हातून वाण काढून घेतलं. आणि रविवारी आपण सात मतांनी हरलो. नादीनसारख्या चौघींनी जरी रागाने चिठ्ठी बदलली असेल तरी झालंच की, एकीने बदलली की फरक दोन मतांचा. मंजिरी गणिताची शिक्षिका आहे, तिने हे गणित कधीच केलं असणार. पण माझ्यासमोर तिने ते मांडलं नाही, परतीच्या विमानात बसेपर्यंत नाही. मुलगी परकी झाली म्हणून मी महिनाभर रुसले होते, ती ही.

आता तुम्ही ठरवा, बुडवली की नाही. पण फोनवर नको. ओदिलबाईंचे अक्रोड मी अजून फोडलेले नाहीत, आणि त्या अकरा वाट्या घासूनपुसून फडताळात ठेवल्या आहेत, मंजिरीचं नाव घातलेल्या. चैत्र संपत आलाय. कुमुदताई, तुम्ही सगळ्यांना घेऊन याच लवकर. वाटी मिळेल, आणि कुणी परत मागायला येणार नाही. इथे मंजिरी कुठल्या यादीत नाही, आणि तुमच्यातली एकही वेर्नाकची मतदार नाही.